पैनगंगेच्या काठचे धोंडे : इरईच्या एका थराचा निवाडा

चंद्रपूरच्या नैर्ऋत्येला पैनगंगेच्या काठी इरई नावाचं गाव आहे. (चंद्रपूर शहराजवळून वाहणारी इरई नदी वेगळी. नकाशा बघताना हमखास गल्लत होते.) इथे नदीने एक थर उघडा पाडला आहे. हिरवट-खाकी झाक असलेली, घट्ट होऊन दगड झालेली माती. तिच्यात रुतलेले बारीक खड्यांपासून मोठ्या धोंड्यांपर्यंत सगळ्या मापांचे दगड. आणि या साऱ्याच्या तळाशी चुनखडकाची फरशी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फेडन यांनी १८७५ साली या जागेबद्दल एक टिपण छापलं. उष्ण कटिबंधातल्या भारतात एकेकाळी बर्फ होतं, याचे पुरावे हा त्या टिपणाचा विषय होता.

चंद्रपूर आणि बर्फ! मे महिन्यात तिथलं तापमान ४५ अंशांच्या वर जातं हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून हे वाक्य आजही अडखळायला लावतं. पण माझ्या मते फेडन यांचा निष्कर्ष जितका मोलाचा, तितकीच तो ज्या रीतीने निघाला ती रीतही मोलाची आहे. गोटे असलेला खडक दिसला की आपण गोट्यांकडे बघतो. इरईचा निकाल मात्र गोट्यांच्या मधल्या मातीने आणि खालच्या फरशीने दिला. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून मांडतो आहे.

आधी खडकाचं नाव

गाळाच्या खडकांचं वर्गीकरण कणांच्या मापावरून होतं. वेंटवर्थ या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १९२२ साली मांडलेली मापं आजही जगभर वापरतात. २ मिलिमीटरपर्यंतचा कण म्हणजे वाळू, त्याच्या पुढे खडे आणि गोटे. ६४ मिलिमीटरच्या वर मोठे गोटे, म्हणजे साधारण मुठीएवढे आणि त्याहून मोठे. २५६ मिलिमीटरच्या वर धोंडे. २ मिलिमीटरहून मोठे, झिजून गोल झालेले तुकडे भरपूर असतील आणि ते एकमेकांना सांधले गेले असतील तर तो पिंडाश्म. तुकडे कोनाकोनाचे, धारदार राहिले असतील तर तो कोणाश्म.

गोल आणि धारदार हा फरक प्रवासाचा आहे. डोंगरकड्यावरून तुटून पायथ्याशी साठलेल्या दगडांच्या कडा शाबूत असतात. नदीत काही किलोमीटर लोळले की त्या मोडतात, मग घासल्या जातात. मऊ दगड लवकर गोल होतो आणि लवकरच संपतोही. गारगोटी आणि क्वॉर्ट्‌झाइट (गारगोटीच्या वाळूचा घट्ट झालेला खडक) टिकून राहतात. म्हणून एखाद्या पिंडाश्मात जवळपास सगळे गोटे गारगोटीचे किंवा क्वॉर्ट्‌झाइटचे असतील तर समजावं की माल खूप फिरला आहे, किंवा एका जुन्या पिंडाश्मातून सुटून पुन्हा दुसऱ्यात आला आहे. गोट्यांत सात प्रकारचे खडक मिसळलेले असतील, त्यात मऊसुद्धा असतील, तर माल जवळचा आहे किंवा आणणाऱ्याने तो फारसा लोळवलेला नाही.

महाराष्ट्रात हे ओळखणं थोडं अवघड आहे, कारण राज्याचा मोठा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा, आणि बेसॉल्टमध्ये पिंडाश्माचा भास करून देणाऱ्या दोन गोष्टी सर्रास सापडतात. पहिली, लाव्हातले वायूचे बुडबुडे नंतर खनिजांनी भरून तयार झालेल्या गाठी. काळ्या दगडात पांढरे, हिरवे, गोलसर ठिपके दिसतात आणि लोक त्यांना गोटे समजतात. गाठ फोडून बघितली की खुलासा होतो. ती कडेकडून आत वाढलेली असते, तिच्यात एकात एक वलयं किंवा मधोमध पोकळीत स्फटिक असतात. नदीच्या गोट्याला अशी आतली रचना नसते. तो मूळ खडकाचा तुकडा असतो, आणि त्याची कड मूळ खडकाचे कण मधूनच कापत जाते. दुसरी गोष्ट म्हणजे लाव्हाच्या थराचा वरचा, मोडून पुन्हा चिकटलेला भाग. सह्याद्रीच्या घाटरस्त्यांवर तांबूस, ओबडधोबड तुकड्यांचे असे पट्टे दिसतात. त्यातले सगळे तुकडे एकाच बुडबुडेदार बेसॉल्टचे असतात. परका दगड एकही नसतो. त्या तुकड्यांना पाण्याने हात लावलेला नाही.

खरा पिंडाश्म बघायचा तर प्रवरेच्या काठी नेवाशाला जावं. तिथे नदीच्या दरडीत बेसॉल्टचे गोल गोटे आणि जाडी वाळू चुन्याने सांधली जाऊन इतकी कडक झाली आहे की हातोडीचा घाव बसला तर गोटाच फुटतो, पण सांधा सुटत नाही. सौम्य आम्ल टाकलं की गोट्यांच्या मधली जागा फसफसते आणि बेसॉल्टचा गोटा गप्प राहतो. याच घट्ट जाड्याभरड्या गाळात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली. १९५४ पासून ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे केलेल्या उत्खननांमुळे नेवासे जगाच्या पुरातत्त्वात पोचलं. नेवाशाच्या पिंडाश्मात गोटे एकमेकांना टेकलेले असतात. वरचा गोटा खालच्या गोट्यांवर बसतो, मधल्या फटींत वाळू आणि चुना शिरतो. चपटे गोटे असतील तर ते प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला कलून एकावर एक रेलतात आणि नदी कुठून कुठे वाहत होती हे आजही वाचता येतं.

नेवाशाचं हे चित्र डोक्यात ठेवून इरईच्या थराकडे यायचं आहे.

इरईला काय जुळत नाही

पहिली नजर सांगते: पिंडाश्म. गोटे आहेत, घट्ट झालेलं भरण आहे, खाली जुना खडक आहे. पायथ्याशी जाडाभरडा थर आणि वर बारीक गाळ हा क्रमही ओळखीचा आहे. समुद्र किंवा नदी एखाद्या जुन्या, झिजलेल्या जमिनीवर नव्याने गाळ टाकू लागते तेव्हा तळाला असा पिंडाश्म मिळतोच.

पण गोटे एकमेकांना टेकलेले नाहीत. शिऱ्यातल्या बेदाण्यासारखे ते भोवतालच्या बारीक मातीत सुटे सुटे अडकलेले आहेत. एखादा धोंडा मातीत अधांतरी असतो, त्याच्या खाली दुसरा दगड नाही, बाजूला नाही. मापांची निवडही झालेली नाही: बोटाच्या पेराएवढा खडा आणि डोक्याएवढा धोंडा शेजारी शेजारी. थराच्या आत रेघा, पदर, कलते स्तर दिसत नाहीत. चपटे दगड कुठल्याही दिशेला तोंड करून पडले आहेत.

इथे प्रवाहाचं साधं गणित आड येतं. पाणी माल निवडून टाकतं, त्याला दुसरं काही जमतच नाही. डोक्याएवढा धोंडा ढकलणाऱ्या पुरात चिखलाचा कण खाली बसूच शकत नाही, तो कित्येक कोस पुढे वाहून जातो. आणि ज्या संथ पाण्यात चिखल बसतो त्या पाण्यात धोंडा येण्याची सोय नाही. दोघं एका थरात, एका वेळी, मिसळून बसले असतील तर त्यांना आणणारं वाहन साधं वाहतं पाणी नव्हतं.

हा तर्क फेडन यांच्या आधी मांडला गेला होता, ओडिशातल्या तालचेर इथे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१ सालची. थॉमस ओल्डहॅम त्याचे प्रमुख. कोळशाचा शोध हे मुख्य काम. विल्यम आणि हेन्री हे ब्लॅनफर्ड बंधू आणि विल्यम थिओबाल्ड या तरुण मंडळींना तालचेरच्या कोळसाक्षेत्रावर पाठवलं गेलं, आणि १८५६ मध्ये त्यांनी तिथल्या तळच्या थराचं वर्णन केलं: अतिशय बारीक गाळात मोठमोठे धोंडे. यातून मार्ग काढायचा तर धोंडे बर्फात अडकून तरंगत आले आणि बर्फ वितळल्यावर संथ पाण्यात खाली पडले असं मानावं लागतं, असं त्यांनी लिहिलं. त्या काळचा विचार केला तर हे धाडस थक्क करणारं आहे. युरोपात कधीकाळी हिमयुग होऊन गेलं हे स्विस शास्त्रज्ञ अगासीने १८३७ साली मांडलं होतं, त्याला जेमतेम वीस वर्षं झाली होती. खुद्द युरोपात त्यावर वाद चालू होता. आणि ही तिशीही न गाठलेली माणसं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सखल प्रदेशात, बर्फ होतं म्हणत होती. यांतले हेन्री ब्लॅनफर्ड पुढे १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख झाले.

तालचेरचा पुरावा मात्र एकाच पायावर उभा होता. मातीत धोंडे आहेत, म्हणून बर्फ. दुसरं कुणी तेच काम करू शकत असेल तर सगळा डोलारा खाली येणार होता.

दुसरे संशयित

आणि ते काम करू शकणारं दुसरं कुणी आहे. त्याची ओळख महाराष्ट्राला फार वेदनेने झाली आहे. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर खचून आला तेव्हा माती, पाणी आणि दगड यांचा एकच लगदा वाहत आला. असा लगदा पाण्याहून कितीतरी दाट असतो. तो धोंड्यांना अंगावर उचलून नेतो, वाटेत काही निवडत नाही, आणि थांबतो तेव्हा जसाच्या तसा थिजतो. कोट्यवधी वर्षांनी त्याचा खडक झाला तर त्यातही चिखलात सुटे अडकलेले, सगळ्या मापांचे, कसेही पडलेले दगड दिसतील. समुद्राच्या तळावरच्या उतारांवरही असे लगदे घसरतात.

म्हणजे निवड नसणं आणि गोटे अधांतरी असणं एवढ्यावरून बर्फ सिद्ध होत नाही. हे इतकं महत्त्वाचं आहे की १९६० मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिकांनी अशा खडकासाठी डायामिक्टाइट हे मुद्दाम तटस्थ नाव सुचवलं. फक्त रूप सांगायचं, कारण सांगायचं नाही. बर्फाचं कर्तृत्व सिद्ध झालं तरच त्याला टिलाइट म्हणायचं. मला ही शिस्त फार आवडते. खडकापाशी उभं राहून नमुन्यावर चिठ्ठी लावताना डायामिक्टाइट लिहावं आणि पुढचं पुराव्यावर सोडावं.

मग इरईत पुढचा पुरावा काय? आधी दगडांच्या अंगावर बघायचं. नदीतला गोटा सगळीकडून सारखा झिजतो, कारण तो लोळतो. बर्फाच्या तळात गच्च धरलेला दगड लोळत नाही. तो एकाच बाजूने खालच्या खडकावर घासला जातो. त्यामुळे एखादी बाजू सपाट होते, पुढे तो थोडा फिरला तर दुसरी सपाट बाजू तयार होते, आणि त्या सपाटीवर समांतर चरे उमटतात. डोंगरलोटातल्या दगडांवरही ओरखडे पडतात, पण ते आखूड, विस्कळीत, ठोकरल्यामुळे आलेले. सपाट घासलेल्या बाजूवर ओढल्यासारखे लांब, जवळजवळ एका दिशेचे चरे, आणि त्यांना छेदणारा दुसऱ्या दिशेचा एखादा गट, हे बर्फाच्या हाताचं लक्षण. इथे दगडाचा प्रकारही लक्षात घ्यावा लागतो. ग्रॅनाइटवर चरे नीट उमटत नाहीत, कारण त्याचे कण जाडे असतात आणि पृष्ठभाग खडबडीत राहतो. चुनखडक, बारीक कणांचा क्वॉर्ट्‌झाइट यांच्यावर ते छान दिसतात. ग्रॅनाइटच्या धोंड्यावर चरे नाहीत म्हणून बर्फ नाकारायचं नसतं.

दुसरं, दगडांचं मूळ. तालचेरवरूनच त्या काळच्या अशा थरांना तालचेर गट हे नाव पडलं, आणि इरईचा थरही त्याच गटातला. तालचेर थरांतल्या धोंड्यांत ग्रॅनाइट, पट्टिताश्म आणि क्वॉर्ट्‌झाइट भरपूर असतात. इरईच्या पायाखाली चुनखडक आहे. स्थानिक दरड कोसळली असती तर थरात चुनखडकाचाच भरणा असायला हवा होता. परके दगड दूरवरून आले आहेत, आणि तरीही पुष्कळांच्या कडा पुरत्या गोल झालेल्या नाहीत.

तरीही मी न्यायाधीश असतो तर इथवरच्या पुराव्यावर निकाल दिला नसता. चरे पडलेला दगड बर्फाने घडवला, पण नंतर तो लगद्यातून घसरून दुसरीकडे जाऊन पडला, असंही होऊ शकतं. दगड हलवता येतो.

फरशी हलवता येत नाही

फेडन यांच्या टिपणाचं खरं वजन इथे आहे. धोंड्यांच्या थराखाली चुनखडकाचा जो पृष्ठभाग उघडा पडला होता तो गुळगुळीत झालेला, चरे आणि खोबणी पडलेला होता. वरचा थर आणि खालची फरशी एकाच गोष्टीची दोन टोकं झाली: ज्याने दगड आणले त्यानेच त्या दगडांनी फरशी घासली.

या फरशीची उलटतपासणी करायलाच हवी. फरशी पाण्याने गुळगुळीत झाली नसेल? पैनगंगा आज तिथेच वाहते आहे. पाण्याने झिजलेला चुनखडक गुळगुळीत होतो खरा, पण त्यात खळगे, वाट्या, लाटेसारखे उंचवटे येतात. पाणी मऊ जागा शोधून खोल करतं. सरळ, समांतर, फुटाफुटाने पुढे जाणारे चरे ते काढू शकत नाही. त्यासाठी खालच्या खडकाहून कठीण टोक हवं, आणि ते टोक घट्ट धरून, प्रचंड वजनाखाली, एका दिशेने ओढणारं काही हवं. चुनखडकातल्या कॅल्साइटची कठिणता ३, गारगोटीची ७. गारगोटीचा कण बर्फाच्या तळात पकडला गेला की चुनखडकावर रेघ ओढणं त्याला सहज जमतं.

मग भूकंपाच्या भेगेवर, दोन खडक एकमेकांवर सरकताना आलेले चरे नसतील? तेही समांतर आणि चकचकीत असतात, आणि भल्याभल्यांना फसवतात. पण भेगेवरचे चरे खडकाच्या आतल्या प्रतलावर असतात. ते प्रतल वरच्या थरातही पुढे गेलेलं दिसायला हवं. तिथे बहुतेक वेळा कॅल्साइटचा किंवा गारगोटीचा धाग्याधाग्यांचा पापुद्रा वाढलेला असतो, त्याला बारीक पायऱ्या असतात, बोट एका दिशेने फिरवलं तर सरकतं आणि उलट फिरवलं तर अडतं. इरईची फरशी मात्र त्या वेळची जमीन आहे. चुनखडक आधीच तयार होऊन, उचलला जाऊन, झिजून उघडा पडला होता. त्यावर तालचेरचा थर बसला. या दोहोंच्या मधल्या कोट्यवधी वर्षांचा एकही पदर इथे नाही. अशा सीमेला भूविज्ञानात विसंगती म्हणतात, आणि चरे नेमके त्या सीमेवर आहेत.

आणखी एक शंका राहते: चरे नंतरचे, अगदी अलीकडचे असतील तर? पुरात वाहत आलेल्या धोंड्यांचे, बैलगाडीच्या चाकांचे? याचं उत्तर फरशीच्या कडेला मिळतं. चुनखडक पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळतो. उघड्यावर पडलेल्या पृष्ठभागावरचे बारीक चरे फार काळ टिकत नाहीत. जिथे धोंड्यांचा थर नुकताच सुटला आहे, त्याच्या लगत ते ताजे दिसतात आणि थराच्या खाली शिरतात. झाकण होतं म्हणून ते ३० कोटी वर्षं टिकले. म्हणून अशा जागी सगळ्यांत मोलाचं निरीक्षण ही सीमारेषाच असते: वरचा थर खरवडून काढला तर खालच्या कोऱ्या पृष्ठभागावर चरे निघतात का? निघाले तर ते थराच्या आधीचे किंवा थर टाकला जातानाचे.

दरडीचा लगदाही खालच्या खडकाला खरवडतो, पण बारीक घोटून गुळगुळीत केलेला आणि त्यावर चरे आणि खोबणी काढलेली फरशी हे सरकत्या बर्फाचंच काम. १९६३ साली ए. जे. स्मिथ यांनी इरईची फरशी आणि धोंड्यांचा थर यांचा नव्याने अभ्यास प्रसिद्ध केला आणि तालचेर काळातल्या हिमाच्छादनाचा पुरावा म्हणूनच त्यांची मांडणी केली. तेव्हा इरईच्या थराला टिलाइट म्हणायला हरकत नाही. रूपाने पिंडाश्माचा भाऊबंद, घडणीने पाण्यापेक्षा बर्फाचा.

वरचे थर तेच सांगतात

एखाद्या थराचं निदान करताना त्याच्या शेजाऱ्यांची साक्ष घ्यावी. तालचेर गटात धोंड्यांच्या थराच्या वर आणि आजूबाजूला हिरवट शेल, म्हणजे चिखलाचा पदरापदराचा खडक, येतं. ते लांबट, टोकदार चिपांमध्ये फुटतं आणि हातात घेतलं की काड्यांचा ढीग होतो. कित्येक ठिकाणी त्यात अगदी पातळ, पुन्हा पुन्हा येणारे पदर दिसतात. संथ तळ्यात उन्हाळ्यात जाडा आणि हिवाळ्यात बारीक गाळ बसावा तसे. या शांत पदरांमध्ये मधूनच एकटा गोटा भेटतो. त्याच्या खालचे पदर दबून वाकलेले असतात, वरचे पदर त्याच्यावरून अलगद गेलेले. हा गोटा बाजूने वाहत आला असता तर पदर विस्कटले असते. तो वरून पडला. तरंगत्या बर्फातून सुटून पडला. ब्लॅनफर्ड बंधूंची १८५६ मधली कल्पना अशा गोट्यांना अगदी लागू पडते, फक्त इरईच्या फरशीसाठी तरंगता बर्फ पुरत नाही, जमिनीला टेकून सरकणारा लागतो.

वालुकाश्मांची साक्ष आणखी बारीक आहे. तालचेरच्या वाळूत फेल्डस्पार खनिजाचे कण ताजे, न कुजलेले मिळतात. उष्ण आणि दमट हवेत फेल्डस्पार लवकर कुजून त्याची माती होते. कोकणातला जांभा ज्या हवेने तयार झाला त्या हवेत त्याचा निभाव लागत नाही. ताजा फेल्डस्पार म्हणजे थंड किंवा कोरडी हवा, नाहीतर फार घाईने झालेली साठवण. एकट्याने हा पुरावा लंगडा आहे, इरईच्या फरशीशेजारी ठेवला की उभा राहतो.

दक्षिण गोलार्धातून याच सुमारास अशाच बातम्या येत होत्या. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या इनमन खोऱ्यात सेल्विन यांना १८५९ साली बर्फाने घासलेला खडक दिसला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सदरलँड यांनी १८७० च्या सुमारास तिथल्या धोंड्यांच्या थराला बर्फाचं काम ठरवलं. आफ्रिकेत किंबर्लेजवळ अशाच चरे पडलेल्या फरशा आहेत. मग प्रश्न उभा राहिला की विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, समुद्रसपाटीलगत, एकाच काळात बर्फ कसं? सगळी पृथ्वीच गोठली होती म्हणावं तर त्याच काळात युरोप आणि उत्तर अमेरिकेत दलदलींत कोळशाची जंगलं वाढत होती. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक झ्यूस यांनी यांतल्या काही दक्षिणी भूभागांना एकत्र करून गोंडवनभूमी म्हटलं. पुढे १९१२ पासून जर्मन शास्त्रज्ञ वेगेनर यांनी भूखंडवहनाची, म्हणजे खंड सरकतात ही, कल्पना मांडली तेव्हा हे बर्फाचे पुरावे त्यांच्या हातातलं मोठं हत्यार होतं. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका जुळवून दक्षिण ध्रुवाभोवती ठेवले की विखुरलेले धोंड्यांचे थर एका हिमप्रदेशात येतात. वेगेनर यांना पन्नास वर्षं नाकारलं गेलं, पण इरईची फरशी तोवर कुठे जाणार नव्हती.

कोळशाच्या विहिरीत याचा उपयोग

हा सगळा केवळ जुन्या काळाचा शोध नाही. वर्धा खोऱ्यातल्या कोळसाक्षेत्राचं सविस्तर वर्णन ह्यूज यांनी १८७७ साली प्रसिद्ध केलं, आणि तेव्हापासून तालचेर गट हा कोळसा शोधणाऱ्याचा तळ आहे. बर्फ ओसरल्यावर, हवा उबदार होऊ लागल्यावर, ग्लॉसोप्टेरिस या आता नष्ट झालेल्या वनस्पतीची जंगलं वाढली आणि त्यांचा कोळसा तालचेरच्या वरच्या, बराकर नावाच्या थरांत साठला. बल्लारपूर, घुग्घुस, वणी या भागातला कोळसा त्या थरांतला. म्हणजे क्रम असा: तळाला चुनखडक किंवा त्याहून जुना खडक, त्यावर तालचेर, त्यावर कोळसा. बोअर घेताना गाभ्यात हिरवट शेल आणि त्यात अधांतरी गोटे यायला लागले की भूवैज्ञानिक बोअर थांबवतो. खाली कोळसा नाही.

इथे पिंडाश्म आणि टिलाइट यांत गल्लत झाली तर पैशांत मोजावी लागते. बराकर थरांतही खडेदार वालुकाश्म आणि पिंडाश्म असतात, नद्यांनी टाकलेले. बोअरच्या काही सेंटिमीटर व्यासाच्या गाभ्यात दोन-तीन गोटे दिसले आणि ते बघून तालचेर आला असं ठरवून बोअर बंद केला, तर खाली कोळसा राहून जाऊ शकतो. फरक करायचा तो पुन्हा गोट्यांच्या मधल्या जागेवरून. पांढरट, जाडी वाळू आणि एकमेकांना टेकलेले गारगोटीचे गोल खडे असतील तर नदी. हिरवट बारीक माती, तिच्यात सुटे, परक्या खडकांचे, एखाद्या बाजूने सपाट दगड असतील तर तालचेर.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. तालचेर गटातला प्रत्येक धोंडेदार थर टिलाइट नाही. भारतभरच्या कोळसाक्षेत्रांत या थरांचा पदर न् पदर तपासल्यावर पुष्कळ थर बर्फाने आणलेला माल नंतर पाण्याखालच्या उतारावरून घसरून बसलेला आहे असं दिसलं, काही बर्फ वितळून आलेल्या प्रवाहांनी धुऊन निवडलेले खरे पिंडाश्म आहेत. बर्फ वितळू लागलं की हे सगळं शेजारी शेजारी घडतं. म्हणून एका जागेचा निकाल दुसऱ्या जागेला लावायचा नाही. इरईचा निकाल इरईच्या फरशीचा आहे.

चंद्रपूर परिसरात फिरणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि हौशी मंडळींना एवढं सांगतो: पावसाळ्यानंतर पाणी उतरलं की जा. फरशीवर हातोडी चालवू नका. नमुना हवा तर सुटून पडलेला दगड उचला. चऱ्यांचा फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात काढा, म्हणजे ते उठून दिसतात, आणि शेजारी मापपट्टी ठेवा. होकायंत्राने चऱ्यांची दिशा बऱ्याच ठिकाणी मोजून लिहा, एकमेकांना छेदणारे गट असतील तर कुठला गट कुठल्याच्या वरून गेला आहे तेही लिहा. धोंड्यांची नोंद करताना सरळ पहिले शंभर घ्या, निवडू नका. नाहीतर मोठे आणि सुंदर तेवढेच मोजले जातात. प्रत्येकाचा खडक, माप, कडा गोल की धारदार, सपाट बाजू आहे का, चरे आहेत का, आणि तो शेजारच्या दगडाला टेकला आहे की मातीत सुटा आहे. हा शेवटचा रकाना बहुतेकांच्या वहीत नसतो. तो पहिला करा.